चळवळ्या मिश्र जातीचा कुत्रा: निवडीपासून पहिल्या वर्षापर्यंत

पुण्यात कुत्रा घरी आणायचं ठरलं की पहिला प्रश्न जातीचा निघतो. 'लॅब क्रॉस, म्हणजे लॅब्राडोरचा संकर आहे का?' 'शेफर्डचं रक्त आहे म्हणतात, खरं का?' दत्तक देणारे आणि घेणारे यांच्या मधे उभं राहून मी हे प्रश्न कायम ऐकतो. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. मिश्र जातीच्या कुत्र्याच्या आईबापांचा अंदाज बहुतेक वेळा कानांवरून, शेपटीवरून नि रंगावरून बांधलेला असतो आणि तो बऱ्याचदा चुकतो. बरोबर असला तरी त्यावरून स्वभाव कळत नाही. समोर उभं असलेलं जनावर कसं आहे, ते पाहायला शिकावं.

हा लेख खास चळवळ्या कुत्र्यांबद्दल आहे. चपळ, सतत काहीतरी शोधणारी, घरभर घिरट्या घालणारी ही कुत्री लोकांना पहिल्या भेटीत फार आवडतात, आणि सहा महिन्यांनी परत येणाऱ्यांत त्यांचीच संख्या मला जास्त दिसते. कारण जवळजवळ ठरलेलं असतं. घरच्यांनी त्याला पळवून पळवून दमवायचा प्रयत्न केलेला असतो. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या कुत्र्याचा दम वाढतो आणि महिन्याभरात त्याला सात किलोमीटर पुरत नाहीत. अशा कुत्र्याला पळण्यासोबत तीन गोष्टी लागतात: नाकाला काम, डोक्याला काम, आणि काही न करता पडून राहायची सवय. ही तिसरी गोष्ट त्याला आपोआप येत नाही, शिकवावी लागते.

आधी घराचं घड्याळ

कुत्रा बघायला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद भरावा. सकाळी सहा-साडेसहाला त्याला खाली कोण नेणार? दुपारी कोण असतं? हिंजवडीहून किंवा खराडीहून परतायला पावसाळ्यात आठ-नऊ वाजले, तर संध्याकाळचा फेरा कोणाकडे? मोठ्या, निरोगी, चळवळ्या कुत्र्याला दिवसाला एक ते दीड तास फिरणं लागतं, तेही दोन किंवा तीन फेऱ्यांत. 'आपण सगळे मिळून करू' असं उत्तर आलं तर काम कोणीच करत नाही, म्हणून प्रत्येक वेळेसमोर एकाचं नाव लिहावं. दहा वर्षांच्या मुलाचं नाव लिहू नका. मूल सोबत जाऊ शकतं, पण वीस किलोच्या कुत्र्याची दोरी मोठ्या माणसाच्याच हातात हवी.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारा, आणि ते मनापासून विचारा. दिवसभर कुत्र्यासोबत तेच असणार आहेत. उत्साहात पायात घुटमळणारा कुत्रा सत्तरीच्या माणसाला सहज पाडतो आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळ्या घराचं वर्ष बदलतं. याचा अर्थ अशा घरात कुत्रा नको असा नाही. अंगावर उडी न मारणं हा धडा तिथे पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो, इतकंच.

भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला सभेत बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण शेजारी दुखावून कायदा सांगत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून शी उचलणं, लिफ्टमध्ये दोरी आखूड धरणं आणि कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघणं, याने जास्त कामं होतात. वॉचमनकाकांशी कुत्र्याची ओळख करून द्या. दार चुकून उघडं राहिलंच, तर त्याला गेटवर अडवणारे तेच असतात.

पिल्लू की मोठा?

पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या घराला मी दीड-दोन वर्षांचा मोठा कुत्रा सुचवतो. लोक नाराज होतात, पण मी मत बदलत नाही. मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि चळवळ्यापणा समोर दिसतो. पिल्लाच्या बाबतीत सगळा अंदाज. 'लहानपणापासून आणलं तरच लळा लागतो' हा समज खरा नाही. माणसांत नीट वाढलेला मोठा कुत्रा काही आठवड्यांत घरचा होतो.

पिल्लूच हवं असेल तर ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आई आणि भावंडांत राहून ते चावायचा जोर आवरायला शिकतं. त्याआधी आणलेली पिल्लं पुढे हात-पाय जोरात चावतात, असा अनुभव अनेक घरांचा आहे. २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्रीच करता येत नाही. त्यामुळे रस्त्याकडेला टोपलीत किंवा गाडीच्या डिकीत 'लॅब क्रॉस' म्हणून विकायला ठेवलेली महिन्याभराची पिल्लं घेऊ नका. दया येते, पण आपण एक घेतलं की पुढच्या महिन्यात तिथे पाच येतात.

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची वीण मुख्यतः पावसाळ्यानंतर होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. बावधनची रेस्क्यू, मुंढव्याची ब्लू क्रॉस अशा संस्थांकडे चौकशी करता येते. आपल्या भागात रोज कुत्र्यांना खायला घालणाऱ्या ताई-दादांना त्या त्या पिल्लाची आई, खोडी, आजारपण सगळं तोंडपाठ असतं, तेही विचारा. दत्तक देताना घरी येऊन बघणारी, फॉर्म भरून घेणारी, 'नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणा' म्हणणारी माणसं कटकटी वाटतात. त्यांच्याकडूनच घ्यावं.

समोर बसून काय पाहायचं

एका भेटीत ठरवू नका. निदान दोनदा जा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. पहिली काही मिनिटं हात पुढे न करता नुसतं बसा. कुत्रा आपणहून येतो का, वास घेऊन थांबतो का, की थेट अंगावर चढतो? मग थोडा वेळ खेळा आणि अचानक खेळ थांबवा. चळवळा पण घरात निभणारा कुत्रा काही मिनिटं चुळबुळ करतो, मग इकडे तिकडे बघत खाली बसतो. ज्याचा उत्साह चढतच जातो, जो बाही धरून ओढू लागतो, भुंकू लागतो, तोही चांगला असू शकतो, पण त्याला अनुभवी हात लागतो.

आणखी एक पाहायचं असतं: दचकल्यावर तो किती पटकन सावरतो. कर्वेनगरला एका पार्किंगमध्ये दोन भावंडं बघायला एक कुटुंब आलं होतं. एक तांबूस पिल्लू सगळ्यांच्या अंगाखांद्यावर उड्या मारत होतं. दुसरं, काळं, स्कूटरच्या मागून बघत होतं. मुलांनी तांबूसवर बोट ठेवलं होतं. सांभाळणाऱ्या ताईंना मी म्हटलं, "ताई, ती स्टीलची ताटली जरा लांब नेऊन खाली टाका." आवाज झाल्याबरोबर तांबूस पिल्लू जिन्याखाली शिरलं ते शेंगदाणे, चिकन, काहीही दाखवलं तरी बाहेर यायचं नाव घेईना. काळं दचकलं, मागे सरलं, मान लांब करून बघितलं आणि पोट जमिनीला टेकवत ताटलीपर्यंत जाऊन तिला हुंगलं. त्या कुटुंबाच्या घराखाली गणपतीचा मंडप लागतो. काळं पिल्लू त्या घरात गेलं. तांबूसला नंतर शहराबाहेर शांत अंगण असलेलं घर मिळालं आणि तिथे त्याला बरं वाटतं.

मुलं असतील तर त्यांना सोबत न्याच, पण कुत्र्याला त्यांच्यासमोर कोपऱ्यात अडकवू नका. त्याला निघून जायला वाट हवी. जो नको असेल तेव्हा उठून लांब जातो, तो मुलांसाठी चांगला. जागच्या जागी ताठ होऊन डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, त्याच्या बाबतीत घाई करू नका.

व्हेट, लस, कागद

कुत्रा घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. पिल्लाला डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे जीवघेण्या संसर्गांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना, त्यानंतर बूस्टर आणि मग दरवर्षी. पुण्याच्या पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून ती लसही त्या एकत्रित डोसात आहे ना, हे विचारून घ्या. जंताचं औषध पिल्लाला दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला, सहा महिन्यांनंतर साधारण दर तीन महिन्यांनी.

पार्व्होबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पिल्लांचे सर्वांत जास्त जीव मी त्यात जाताना पाहिले आहेत. उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताळ जुलाब, मलूलपणा, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर 'उद्या सकाळी बघू' म्हणू नका. त्याच दिवशी सलाईन सुरू झालं तर वाचायची शक्यता बरीच वाढते. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. घरात आधी पार्व्होचं पिल्लू होऊन गेलं असेल, तर ब्लीचने फरशी पुसून घेतल्यावरही नवीन पिल्लू लस पूर्ण होईपर्यंत आणू नका. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण तीन ते चौदा आठवडे हेच वय जग ओळखायचं असतं. कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाले, शाळेची मुलं, हेल्मेट घातलेली माणसं लांबून दाखवा.

नसबंदीचं वय कुत्र्याच्या आकारावर अवलंबून आहे, व्हेटशी बोलून ठरवा. मादीच्या बाबतीत टाळू नका: नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. दत्तक घेतलेल्या मोठ्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी बहुधा झालेली असते. पुणे महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. रेबीज लसीचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं, तेव्हा लसीचं पुस्तक जपून ठेवा.

पहिले पंधरा दिवस

नातेवाईकांना बोलावू नका. नवीन कुत्रा बघायला मामा, मावशी, बिल्डिंगमधली मुलं सगळी येतात आणि त्या बिचाऱ्याला दिवसभर झोप मिळत नाही. एक कोपरा ठरवा, तिथे चटई, पाणी. तो कोपऱ्यात असताना कोणी हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या लहानग्यालाही कळायला हवा.

शू-शीचं सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी एकाच जागी नेणं, आणि केल्याबरोबर तिथेच खाऊ देणं. घरात झालं तर गुपचूप पुसणं. नाक घासणं, मारणं याने तो शू करायची जागा शिकत नाही, आपल्यासमोर करायचं नाही एवढंच शिकतो आणि सोफ्यामागे करतो.

या दिवसांत कुत्री पळून जातात. गाडीचा हॉर्न वाजला, मागे सरकला, गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं निघालं आणि गेला, हे पुण्याच्या रस्त्यावर दर आठवड्याला घडतं. म्हणून छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, दोरी दोन्हींना अडकवा, पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा. दारातून बाहेर पडण्याआधी दोरी बांधायची, दार नंतर उघडायचं. कातडीखाली बसणारी, ओळख नंबर असलेली मायक्रोचिप बसवून घेतली तर उत्तमच.

दिवस कसा भरायचा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

सकाळचा फेरा वासाचा असू द्या. त्याला ओढत भराभर चालवू नका. दोरी जरा लांब, साताठ फुटांची घ्या आणि त्याला प्रत्येक खांब, प्रत्येक झुडूप हुंगू द्या. चाळीस मिनिटं मनसोक्त हुंगून आलेला कुत्रा तेवढाच वेळ पळून आलेल्या कुत्र्यापेक्षा शांत असतो. पळायचं असेल तर ते संध्याकाळी, बंदिस्त जागेत किंवा लांब दोरीवर. सांधे पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, पिल्लाला स्कूटरमागे पळवू नका. मोठ्या कुत्र्यालाही नको.

नाश्ता ताटलीत देऊ नका. हे वाक्य मी प्रत्येक घराला सांगतो. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एक दीड वर्षाची, शेफर्डसारखे कान असलेली मादी होती. सगळे कामावर गेले की आजींच्या चपला, उशा, रिमोट, सगळं फाडायची. आजी म्हणाल्या, "अहो, हिला सकाळी तासभर पळवून आणतो माझा नातू, तरी ही अशी." तिचं सकाळचं खाणं आम्ही एका जुन्या टर्किश टॉवेलवर पसरलं, टॉवेलची गुंडाळी केली आणि सैलशी गाठ मारली. तिने आधी पंजे मारले, मग गाठीला दात लावले, मग थांबली. नाक गुंडाळीच्या कडेला घातलं आणि हळूहळू टॉवेल उलगडत गेली. एक एक दाणा शोधून खाल्ला, शेवटी टॉवेल हुंगून हुंगून खात्री केली आणि तिथेच त्यावर आडवी झाली. आजींना आम्ही आणखी चार-पाच प्रकार दाखवले: अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत खाऊ ठेवून वर चुरगाळलेला कागद, पुठ्ठ्याच्या खोक्यात खोकं, गॅलरीतल्या कुंड्यांआड लपवलेले तुकडे. आता ते काम आजीच करतात आणि कुत्री चटईवर बसून त्यांची वाट बघते. एकच काळजी घ्यायची: कापड किंवा पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला हे आपल्या नजरेसमोरच द्या.

डोक्याचं काम म्हणजे शिकवणं, आणि ते तीन-चार मिनिटांच्या छोट्या तुकड्यांत दिवसातून तीन-चारदा. शब्द मराठी असू द्या, पण घरात सगळ्यांनी तेच वापरावेत. बाबा 'सिट', आई 'बस', ताई 'खाली बस' असं झालं की कुत्र्याचा गोंधळ होतो. 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' एवढे चार शब्द पक्के झाले तर पुण्याच्या रस्त्यावर निभतं. यातला 'ये' सोन्यासारखा जपा. आल्यावर कायम काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे. 'ये' म्हणून बोलवायचं आणि मग रागवायचं किंवा आंघोळीला न्यायचं, असं केलं की तो शब्द संपतो. रस्त्यावर कुत्रा दोरी ओढतो तेव्हा आपण थांबायचं, दोरी सैल झाली की पुढे. पहिले आठ-दहा दिवस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला पाऊण तास लागेल, तो लागू द्या. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा वापरू नका. त्याने कुत्रा घाबरतो आणि घाबरलेला चळवळा कुत्रा चावतो.

आता पडून राहणं. हॉलमध्ये चटई घाला. तो आपणहून चटईवर आडवा झाला की काही न बोलता त्याच्या पंजांमध्ये एक छोटा तुकडा ठेवा. उठला तर काही नाही. पुन्हा आडवा झाला, पुन्हा तुकडा. तोंडाने 'शाबास' म्हणून उडवू नका, तो उठून नाचेल. काही दिवसांत तो एका कुल्ल्यावर कलंडून, मान टेकवून पडायला लागतो. तसं पडलं की दोन तुकडे. मग तुम्ही चहा पिताना, मुलं अभ्यास करताना, पाहुणे आल्यावर, असं करत जा. मोठा कुत्रा दिवसाला बारा-चौदा तास आणि पिल्लू अठरा तास किंवा जास्त झोपतं. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला घरभर वेड्यासारखं धावणारं, पायांना चावणारं पिल्लू बहुतेक वेळा झोप न मिळालेलं असतं. त्याला आणखी खेळवू नका. अंधाऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन निजवा.

टेकडी, ऊन, पाऊस, ढोल

पुण्यातल्या कुत्र्यांना वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी म्हणजे पर्वणी. पण तिथे मोर, ससे असतात, रात्री-पहाटे बिबट्यांचाही वावर शहराच्या कडेला वाढला आहे. कुत्रा मोकळा सोडू नका, लांब दोरीवर ठेवा, आणि जिथे वन विभागाची मनाई लिहिली आहे तिथे नेऊ नका. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात घोणस, नाग, फुरसं यांची गाठ पडते. कुत्रा झुडपात तोंड घालून अचानक मागे उडाला, तोंड किंवा पाय सुजायला लागला तर त्याला चालवू नका, उचलून थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. तिथे ते आहे का, हे वाटेतूनच फोनवर विचारा.

पावसाळा संपल्यावर टेकड्यांवर गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. ही कुसळं आत शिरतात, बाहेर येत नाहीत. घरी आल्यावर प्रत्येक वेळी बोटांच्या मधली जागा उघडून बघा, कानाची पाळी उलटवा, काखेत हात फिरवा. कुत्रा एकाएकी डोकं झटकत राहिला, मान एका बाजूला कलती ठेवून चालू लागला तर कानात कुसळ आहे असं समजा. कापूस, तेल, चिमटा काही घालू नका, व्हेटकडे जा.

मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी आठच्या आत, संध्याकाळी सूर्य कलल्यावरच बाहेर. डांबरावर हाताची उलटी बाजू पाच सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर पंजेही भाजणार. चळवळी कुत्री स्वतःहून थांबत नाहीत, म्हणून त्यांना ऊन जास्त बाधतं. प्रचंड धाप, चिकट लाळ, लाल हिरड्या, लटपटणं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच व्हेटकडे घेऊन निघा.

पावसाळ्यात गोचिडांपासून होणारा ताप हे पुण्यातलं नेहमीचं दुखणं. कुत्रा एकदम गप्प झाला, जेवण सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणी करा. त्यात प्लेटलेट कमी आढळतात. वेळेवर औषध सुरू झालं तर बरा होतो. गोचीड काढताना रॉकेल, पेटती उदबत्ती असलं काही लावू नका. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ ओढा. व्हेटने सांगितलेली गोळी किंवा औषध वर्षभर चालू ठेवा, कारण आपल्याकडे गोचिडांना सुट्टी नसते. पावसातून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या घड्या कोरड्या करा.

गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मग दिवाळी. याची तयारी जूनमध्ये सुरू करा: ढोलाची रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, खाऊ खाताना, मग दर काही दिवसांनी थोडी मोठी. त्या दिवसांत खिडक्या बंद, आतली खोली, पंखा किंवा टीव्हीचा आवाज, आणि फेरा आवाज सुरू होण्याआधीच. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते असं म्हणतात ते चूक आहे. त्याला जवळ यायचं असेल तर येऊ द्या. जो थरथरतो, लाळ गाळतो, दार ओरबाडतो, त्याच्यासाठी व्हेटकडे औषध असतं, पण ते सणाच्या दोन-तीन आठवडे आधी जाऊन ठरवा.

खाणं

दूध-पोळीवर चळवळा कुत्रा तगतो, पण नीट वाढत नाही. त्याला प्रथिनं लागतात. चिकन, अंडी, कलेजी थोडी, भात किंवा ज्वारी-नाचणी, शिजवलेला लाल भोपळा, गाजर, असं घरचं जेवण चांगलं. पण बिनहाडाच्या मांसाच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं, ते कसं भरायचं हे व्हेटला विचारूनच ठरवा. वीस किलोच्या, नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार-अकराशे कॅलरी पुरतात. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. खाऊचे तुकडे त्यातूनच वजा करा.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगम हे बिलकुल नाही. शिऱ्यातले बेदाणे, पंचामृतातले मनुकेसुद्धा नाहीत. नैवेद्याचं ताट उंचावर ठेवा. रविवारच्या मटणाची शिजलेली हाडं टोकदार तुटतात आणि आतड्यात रुततात. ताप आला म्हणून माणसांची क्रोसिन, कॉम्बिफ्लाम देऊ नका. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

मुलं आणि चावे

जेवताना, झोपताना, हाड चघळताना कुत्र्याला हात लावायचा नाही; अंगावर लोळायचं नाही; मिठी मारून तोंड जवळ न्यायचं नाही. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, तो कितीही गुणी असला तरी. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

घरच्या लसवंत कुत्र्याने चावलं किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याने, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार उरत नाही. हळद, तिखट, चुना लावत बसू नका. आपल्या कुत्र्याला रस्त्यावरचा कुत्रा चावला तर त्याची लस झालेली असली तरी व्हेटकडून पुढचे डोस घ्या.

सहा ते अठरा महिने

या वयात शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वाटतं. 'ये' म्हटल्यावर तो बघतो आणि उलट्या दिशेला जातो. काल ज्या कचऱ्याच्या डब्याजवळून गेला त्याच डब्याला आज भुंकतो. बहुतेक घरं इथेच खचतात आणि कुत्रा परत आणतात. या महिन्यांत अपेक्षा कमी करा: मोकळं सोडणं बंद, पुन्हा लांब दोरी लावा, 'ये'चा सराव पुन्हा हॉलमधून. नवीन काही शिकवायचं नाही, चार शब्दांवर टिकून राहायचं. खेळण्याच्या ओढीत तो दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जायला लागला, घरातल्या कोणावर गुरगुरायला लागला किंवा एकटा राहिला की दार फोडू लागला, तर वाट बघू नका. आधी व्हेटकडे जाऊन काही दुखत तर नाही ना ते तपासा. मग मारझोड न करता शिकवणारा ट्रेनर शोधा. त्याला फोनवरच विचारा: 'कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?' साखळीला झटका देतो, आवाज चढवतो, 'बॉस कोण ते दाखवतो' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा.